नळीत फुंकलं म्हणजे शिस्त आली का?

धानवाला (कामठा, गोंदिया)
बिरसी विमानतळावरची पायलट ट्रेनिंगची विमानं आमच्या धुऱ्यावरून दिवसभर घिरट्या घालतात. त्यावरूनच काल पारावर वाद झाला, म्हणून इथं टाकतो. पायलटला जे नियम आहेत ते अति कडक आहेत, असं पोरं म्हणत होती. उड्डाणाआधी 12 तास दारूला हात लावायचा नाही, ड्युटीवर आलं की दारू तपासायच्या नळीत फुंकायचं. पहिल्यांदा सापडला तर 3 महिने लायसन निलंबित, दुसऱ्यांदा 3 वर्षं, तिसऱ्यांदा रद्द. अल्कोहोलवाल्या माउथवॉशनं चूळ भरायलाही 2023 पासून मनाई. माझ्या मते यात काहीच अति नाही. मागं दीड-दोनशे जीव बसले असतात. ज्याला झेपत नाही त्यानं दुसरा धंदा पाहावा.

मुक्कामी_गाडी (रिटायर, एसटी)
तुम्ही दारूवरच बोलून राहिले भाऊ, झोपेचं काय? म्या यवतमाळ जिल्ह्यात मुक्कामी गाडी चालवली. रात्री शेवटच्या गावाले गाडी लावायची, सीटवरच आडवं व्हायचं, मच्छर मारत पहाटेची वाट पाहायची अन् अंधारातच स्टार्टर मारायचा. दारू वासानंही कळते, पेंग कोणत्या नळीत सापडते?
2010 चं मंगलोर आठवा. 158 माणसं गेली. कॅप्टनचं घोरणं कॉकपिटच्या, म्हणजे पायलटच्या खोलीच्या, रेकॉर्डरमध्ये सापडलं. उतरताना विमान पाहिजे त्याच्यापेक्षा वर होतं, को-पायलट तीनदा म्हणाला की उतरू नका, परत वर घ्या. कॅप्टननं ऐकलं नाही. तिथं नळीनं काय पकडलं असतं?

धानवाला
हीच तं बेशिस्त ना! सोबतचा तीनदा सांगते अन् हा ऐकत नाही.

बडनेरा_ताई
दादा, बेशिस्त म्हणून मोकळं होता येत नाही. माझ्या नणंदेची मुलगी को-पायलट आहे, म्हणून थोडं ठाऊक आहे. 1977 मध्ये स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धावपट्टीवर दोन जंबो विमानं धडकली, 583 लोक गेले. कॉकपिटमधल्या इंजिनिअरनं शंका काढली होती, पण अनुभवी कॅप्टननं ती उडवून लावली. तेव्हापासून कॉकपिटमधल्या धाकट्यानं बोललंच पाहिजे, हे जगभर शिकवतात. आता आपल्याकडचं बघा. घरात मोठ्यांसमोर तोंड उघडायचं नाही, शाळेत गुरुजींसमोर नाही, अन् पंचविशीतल्या पोरीनं पन्नाशीतल्या कॅप्टनला एकदम "सर, थांबा" म्हणायचं! हे तीन महिन्यांच्या निलंबनानं येत नाही. उलट प्रत्येक चुकीला दांडकं काढलं तर माणूस चूक लपवायला लागतो, आणि मग पुढच्याला ती कळतच नाही.

पुसदचा_बाप
माझा मुलगा एका कंपनीत को-पायलट आहे. लायसनसाठी 200 तास उडावं लागतं, त्याचा खर्च माझ्या सोयाबीनमध्ये निघणारा नव्हता. चार एकर विकलं, वर बँकेचं कर्ज. थकलो असेल तर उडणार नाही, असं सांगायचा हक्क पायलटला असतो, कागदावर. मी म्हटलं, सांगत जा रे. तो म्हणाला, बाबा, दोनदा सांगितलं तर रोस्टरवाले, म्हणजे ड्युटी लावणारे, ध्यानात ठेवतात. बरं, आपल्याच नागपूरला 2023 च्या ऑगस्टमध्ये पायलट बोर्डिंग गेटजवळ कोसळून गेला. एवढा ताण आहे.

धानवाला
थांबा जी. त्याला आधी 27 तास विश्रांती मिळाली होती, असं कंपनीनंच सांगितलं होतं. हार्टचं प्रकरण होतं ते, गेलेल्या माणसाला वादात कशाला ओढता?
अन् दरवेळी थकव्याची ढाल नको. 2023 मध्येच एअर इंडियाच्या दुबई-दिल्ली विमानात पायलटनं दोस्तिणीला कॉकपिटमध्ये बसवलं. तिथं कोणता थकवा होता? 3 महिने घरी बसवलं, बरं केलं.

बडनेरा_ताई
ते बरंच केलं, अन् एअर इंडियालाही 30 लाख दंड झाला. पण कंपनीला दंड म्हणजे चिल्लर. मोठं प्रकरण तर 2025 च्या डिसेंबरचं. पायलटसाठी नवा नियम आला: आठवड्याची विश्रांती 36 वरून 48 तास, रात्रीची लँडिंग 6 वरून 2. नियम 2024 च्या जानेवारीतच जाहीर झाला होता. तरी इंडिगोनं माणसं जमवली नाहीत, हजारो उड्डाणं रद्द झाली, लोक विमानतळावर फरशीवर झोपले. मग सरकारनं काय केलं? त्याच कंपनीला नियमातून तात्पुरती सूट. पायलट पाच मिनिटं उशिरा आला असता तर सूट मिळाली असती का?

धानवाला
कंपनीलाही धरा, मी कुठं नाही म्हणलं? 2025 च्या जूनमध्ये डीजीसीएनं, म्हणजे विमानांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्यानं, एअर इंडियाच्या तीन अधिकाऱ्यांना रोस्टरच्या कामावरून काढायला लावलंच ना.

मुक्कामी_गाडी
लावलं. पण त्या तिघांचं लायसन किती महिने गेलं? जाईल कसं, रोस्टर बनवायला लायसन लागतच नाही. आमच्या डेपोतही तसंच होतं. अपघात झाला की ड्रायव्हर सस्पेंड, अन् ड्युटी लावणारा टेबलावरच.

धानवाला
मग त्यालाही लायसन लावा. पण नळी राहू द्या.