डॅटसन २४०झेड: कार्ब्युरेटर काढून इंजेक्शन बसवायचंय, पेट्रोलच्या टाकीपाशी अडलंय

नमस्कार मंडळी,

गाडी १९७१ ची डॅटसन २४०झेड. सहा सिलिंडरचं २.४ लिटर एल२४ इंजिन, ई३१ हेड (सिलिंडरवरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग), एसयू पद्धतीचे दोन कार्ब्युरेटर. सगळं मूळचं. कार्ब्युरेटरशी माझं वैर नाही, नीट जुळवले की फार गोड चालतात. पण थंडीत चोक ओढून मनधरणी करा, घाट चढताना मिश्रण रिच (पेट्रोल जास्त, हवा कमी) होत गेलेलं सोसा, तापलेली गाडी जरा उभी केली की पुन्हा सुरू करताना स्टार्टर मारत बसा, याचा आता कंटाळा आलाय.

निसानने १९७५ मध्ये २८०झेडला बॉशचं एल-जेट्रॉनिक इंजेक्शन दिलं. तिचा इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा पोचवणाऱ्या नळ्या) माझ्या इंजिनला बसतो, तो मिळालाय. त्या काळचा फ्लॅपवाला एअरफ्लो मीटर मात्र नको. त्याऐवजी मेगास्क्वर्ट ईसीयू (इंजेक्शन चालवणारा संगणक), मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा), वाइडबँड लॅम्ब्डा (धुरावरून मिश्रण मोजणारा) आणि क्रँकची स्थिती कळावी म्हणून क्रँक पुलीवर ३६ वजा १ दात्यांचं (एक दाता मुद्दाम गाळलेलं) चाक असा बेत आहे. ईसीयूवर वाचायला ढीगभर सापडतं. टाकीबद्दल बोलायला कोणी तयार नाही!

मूळ पंप ३-४ पीएसआय दाब देतो, इंजेक्शनला ४० च्या आसपास लागतात. नवा पंप घेऊ, तो प्रश्न नाही. पण टाकी अर्ध्याखाली गेली की जोरात घेतलेल्या वळणावर पेट्रोल एका बाजूला पळतं आणि पंप हवा ओढतो. कार्ब्युरेटरच्या बाउलमध्ये थोडा साठा असतो, त्यावर तेवढा क्षण निभावतो. फ्युएल रेलमध्ये (इंजेक्टरांना पेट्रोल देणाऱ्या नळीत) हवा शिरली की इंजिन तिथल्या तिथे अडखळणार.

टाकीत बॅफल (पेट्रोल पळू न देणारे आडवे पत्रे) वेल्ड करून घ्यावेत की वेगळा सर्ज टँक (कायम भरलेली छोटी टाकी) लावावा? सर्ज टँक लावायचा तर कुठे? या गाडीला बंद डिकी नाही, सामान आणि माणसं एकाच खोलीत. तिथे दाबाखालचं पेट्रोल ठेवायला मन धजत नाही.

दुसरं, ठिणगीही ईसीयूकडे देऊन डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटणारा) आत्ताच काढू का?

प्रतिसाद १
सर्ज टँकच लावा, आणि तो गाडीच्या खाली, टाकीशेजारी, दगड लागणार नाहीत अशा आडोशाला. कमी दाबाचा पंप तो भरत ठेवतो, जास्त दाबाचा पंप त्यातून रेलला पुरवतो. रेग्युलेटरकडून परतणारं पेट्रोल सर्ज टँकमध्येच सोडा, आणि त्याच्या अगदी वरच्या तोंडातून मुख्य टाकीला वाट द्या, म्हणजे हवा आपोआप निघून जाते. कार्ब्युरेटरच्या काळातला एकही रबरी पाइप ठेवू नका, क्लॅम्पसुद्धा इंजेक्शनचेच. क्रँकचा सिग्नल थांबला की दोन्ही पंप बंद झाले पाहिजेत, शिवाय धडकेत वीज तोडणारा इनर्शिया स्विच हवा. वापरलेल्या टाकीला घरी वेल्डिंग लावायचा विचारही करू नका. रिकामी दिसली तरी आत वाफ असते, स्फोट होतो.

प्रतिसाद २
डिस्ट्रिब्युटर राहू द्या. आधी फक्त पेट्रोलचं नियंत्रण ईसीयूकडे द्या. क्रँकचा सिग्नल तोवर नुसता लॉग करून बघा, दाते चुकत नाहीत याची खात्री झाली की मग ठिणगीची कॉइलही त्याच्याकडे. दोन्ही एकदम बदललंत तर गाडी अडखळल्यावर दोष मिश्रणात आहे की ठिणगीत, हे शोधता शोधता नाकी नऊ येतील.

टाकीपेक्षा मला तुमच्या हेडची काळजी वाटते. ई३१ कार्ब्युरेटरच्या काळातलं हेड. २८०झेडच्या हेडमध्ये पोर्टच्या (व्हॉल्व्हकडे जाणाऱ्या वाटेच्या) छताला इंजेक्टरसाठी खाच असते, तुमच्यात नाही. फवारा तिथल्या कडेवर आपटेल, व्हॉल्व्हपर्यंत धड पोचणार नाही. खाच घासून करता येते, पण हेड उतरवूनच. कीस आत गेला तर महागात पडेल.

धागाकर्ता
सर्ज टँक खाली, ठरलं. डिस्ट्रिब्युटरही राहील. हेडची गोष्ट लक्षातच आली नव्हती, नेमक्या वेळी सांगितलंत. आता हेड उतरवणं आलंच. कोणाकडे २८०झेडचं एन४२ हेड सुटं पडलं असेल तर त्या खाचेचा शेजारी पट्टी ठेवून फोटो टाकाल का? रुंदी आणि खोली, दोन्ही हवी आहेत.