मदत हवी आहे : चेन्नईला मार्शल म्हणून पहिल्यांदाच जातोय

मंडळी, पुढच्या महिन्यात चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या कार रेसिंग ट्रॅकवर स्वयंसेवक मार्शल (झेंड्यांनी चालकांना इशारे देणारा, अपघातात मदतीला धावणारा) म्हणून जातोय. झेंडे पाठ झालेत. धास्ती आहे ती अपघातात गाडीपासून सुटलेल्या चाकाची. फॉर्म्युला वन शर्यतीत २००० साली इटलीत मोंझाला आणि लगेच २००१ साली मेलबर्नला एकेक मार्शल त्यानेच गेला. मेलबर्नला तर चाक कुंपणातल्या फटीतून आलं. तेव्हाही फॉर्म्युला वनच्या चाकांना बांधून ठेवणारे दोर होतेच! आपल्याकडच्या गाड्यांना असतात का? फटीपासून किती लांब उभं राहायचं? बूट कोणते घालू? आणि आईबाबा बघायला येतायत (आईला वाटतं मी नुसते झेंडे दाखवणार), त्यांना कुठल्या वळणापाशी अजिबात बसवू नको? तिथे काम केलेल्यांनीच सांगा, प्लीज.