ऑप्टिमाची उभी रेघ होडीवर कशी उतरवायची?

नाळेवरचा रंगारी:
रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात होड्या रंगवतो. मासेमारीची बंदी उठायच्या आधी आमची खरी धावपळ. नोंदणीचा नंबर इंग्रजीत टाकावा लागतोच, पण यंदा एका तांडेलाच्या, म्हणजे होडीच्या म्होरक्याच्या, मुलाला होडीचं नावही इंग्रजीतच हवंय, आणि तेही ऑप्टिमा फॉन्टमध्ये. मोबाइलवर अक्षर नाजूक वाटतं. फळीवर पट्टी लावून नऊ इंची काढलं तर निव्वळ ठोकळा! चुकतंय कुठे? आणि ऑप्टिमा काढणारा हा हर्मान झाप्फ कोण? कॉम्प्युटरवर पॅलाटिनो फॉन्टही त्याचा, झाप्फिनोपण त्याचाच.

खिळेजुळारी:
दादा, पट्टी आधी बाजूला ठेवा. ऑप्टिमाची उभी रेघ सरळ नाहीच. टोकांना किंचित फाकते, मध्ये बारीक होते. खडूने आखताना मध्यावर दोन्ही बाजूंनी अर्धा सूत (इंचाचा सोळावा भाग) आत घ्या, बस्स. लांबून कळणारही नाही, पण अक्षर हलकं होईल.

ही गंमत झाप्फने दगडावरून उचलली. १९५० साली तो फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमध्ये होता. तिथे फरशीत थडग्यांच्या शिळा आहेत, त्यांवरची रोमन अक्षरं त्याला भावली. जवळ कागद नव्हता, म्हणून गड्याने हजार लिराच्या नोटेवर ती काढून घेतली. टाइप बाजारात यायला मात्र १९५८ उजाडलं. वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम स्मारकावर अठ्ठावन्न हजारांहून जास्त नावं कोरलीत, ती याच अक्षरात.

देवगडची कुसुम:
झाप्फ माणूसही जिद्दीचा. जन्म १९१८, न्यूर्नबर्ग. व्हायचं होतं इलेक्ट्रिकल इंजिनिअर, पण वडील कामगार संघटनेतले. हिटलर आल्यावर ती वाट बंद झाली आणि पोरगा फोटो रिटचिंगच्या कामाला लागला. १९३५ मध्ये रुडॉल्फ कॉख या जर्मन सुलेखनकाराच्या अक्षरांचं प्रदर्शन बघितलं आणि वेडच लागलं. पुस्तकं आणून घरच्या घरी सुलेखन शिकला. युद्धात नकाशे काढायला बसवलं, तिथे भिंगाशिवाय मिलिमीटरभर उंचीची अक्षरं लिहायचा म्हणे. बायको गुड्रुनही टाइप डिझायनर, डिओटिमा तिचा. तिचं नाव कोणी घेत नाही, म्हणून मुद्दाम सांगते.

नाळेवरचा रंगारी:
काका, अर्धा सूत लागू पडला! ताडपत्रीखाली उभं राहून बघितलं, एन आणि आय झकास. कुसुमताई, मिलिमीटरभर अक्षर ब्रशने? इथे नऊ इंचात हात कापतोय. नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे, फळी वळते तिथे शेवटचं अक्षर दबल्यासारखं दिसतं, ते जरा रुंद घेतलं. पण एस काही केल्या बसत नाही. जाडी कुठे ठेवू?

खिळेजुळारी:
मधल्या तिरक्या भागात. वर-खाली बारीक. आणि वरचं पोट खालच्यापेक्षा लहान ठेवा, नाहीतर तोल जाईल. पहिला हात सुकल्याशिवाय दुसरा मारू नका, हवा दमट आहे.