काळ्या भुईवर घराला लागून गाडीचं शेड बांधायचं आहे, खर्च किती धरू?

काळीभुई, दारव्हा

रामराम मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातल्या खेड्यात राहतो. दिवाळीनंतर जुनी बोलेरो घेतली. ती अंगणातल्या निंबाखाली उभी असते. गेल्या महिन्यात उंदरांनी इंजिनातल्या वायरी कुरतडल्या, साडेचार हजार गेले. पैशापेक्षा जीवाला दुसरीच गोष्ट लागली. त्या रात्री बाबांना यवतमाळला न्यायचं काम पडलं आणि गाडी चालूच झाली नाही. शेजारच्या भाऊनं त्याची गाडी काढली म्हणून निभावलं.

जागा घराच्या उगवतीच्या भिंतीला लागून आहे, १२ फूट रुंद, २० फूट लांब. ठेकेदार स्लॅब, विटांच्या भिंती आणि शटर धरून ३ लाख ६० हजार सांगतो. गावातला वेल्डर टिनाचं शेड शटरसकट १ लाख १० हजारात म्हणतो. कापूस विकून हाती दीड लाख आहेत, कर्ज काढायचं नाही. एवढा फरक कशाचा? आणि स्वस्तातलं घेतलं तर पुढं पस्तावा होईल का?

वेल्डिंगवाला, पुसद

फरक मुख्य म्हणजे छताचा आणि भिंतींचा. स्लॅब म्हटला की सेंट्रिंग आलं, सळाख आली, बीम आले, तो भार पेलायला खालचे कॉलमही जाड आले. गाडीला एवढं कशाला पाह्यजे? वर पुढंमागं खोली चढवायची असेल तरच स्लॅब टाका.

टिनाच्या शेडचा भाव चौरस फुटावर ठरवू नका, किलोवर ठरवा. तुमच्या मापाला सहा खांब, कैच्या आणि आडवे पाइप धरून साडेपाचशे किलोच्या आसपास लोखंड लागेल. आमच्याकडं मजुरीसकट ९५ रुपये किलो चाललं आहे, म्हणजे ५२ हजार. पन्हाळीपर्यंत पुढं आलेला पत्रा धरला तर तीनशे फूट, त्याचे १५ हजार. पाइपाची जाडी कागदावर लिहून घ्या आणि माल काट्यावर मोजून घ्या. पातळ पाइप आणून फुटाचा भाव कमी दाखवता येतो, पण वैशाखातल्या वावधनात तोच पत्रा आधी उडतो. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारायला सांगा, खोलगटात मारले की पाणी तिथूनच ठिबकते.

वावरातला माणूस, हिंगणघाट

भाऊ, छताचं नंतर पाहू. तुम्ही काळी भुई लिहिलं आहे आणि दोन्ही भावांत जमिनीखालचं एक अक्षर नाही. माझं सगळं नुकसान तिथंच झालं, म्हणून जरा लांबण लावतो.

२०१९ मध्ये मी १४ बाय २० चं शेड उभं केलं. मिस्त्री म्हणाला, दोन फूट खड्डे पुरतात. वरची माती खरवडली, चार इंच मुरूम पसरला, त्यावर चार इंच काँक्रीट. दिसायला आरशासारखं. दसऱ्यापर्यंत कडेची फरशी वर उचलली, मधोमध तशीच राहिली. पुढच्या उन्हाळ्यात तीत बोट जाईल एवढी भेग पडली. समोरचा एक खांब कलला आणि शटर अर्ध्यावर अडकू लागलं. बायकोला ते उचलता येईना, मग गाडी परत उन्हात.

कारण साधं आहे. आपली माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आवळते. वावरात भेगा पडतात तेच शेडखाली होतं. कडेला पावसाचं पाणी मुरतं, मधली माती पत्र्याखाली कोरडी राहते, म्हणून कड आणि मध वेगवेगळे हलतात. वरून कितीही सिमेंट ओता, खालची माती ऐकत नाही.

२०२२ मध्ये सगळं फोडलं. जेसीबीनं अडीच फूट काळी माती काढून वावरात टाकली. सात ब्रास मुरूम आणला, १४०० रुपये ब्रासनं. सहा-सहा इंचांचा थर, पाणी, रोलर, मग पुढचा थर. खांबांचे खड्डे काळी माती संपेपर्यंत नेले, माझ्याकडं पाच फुटांवर मुरमाड थर लागला. चारी बाजूंनी अडीच फुटांची काँक्रीटची पट्टी, उतार बाहेर. पत्र्याचं पाणी पन्हाळीतून थेट नालीत. सगळे मिळून ५८ हजार लागले. पहिल्यांदाच केलं असतं तर फोडण्याचा खर्च आणि आधीची फरशी दोन्ही वाचले असते. त्यानंतर चार पावसाळे गेले, शटर माझी आई एका हातानं उचलते.

तुमच्यासाठी आणखी दोन गोष्टी. शेडचा पाइप घराच्या भिंतीत खोचू नका. घराचा पाया आणि शेडचा पाया सारखे हलणार नाहीत, भिंतीला तडा जाईल. घराकडूनही वेगळेच खांब घ्या आणि उतार उगवतीकडं ठेवा, म्हणजे पाणी घराच्या पायात जाणार नाही. दुपारनंतर घराचीच सावली पडेल, मावळतीचा पत्रा लागणार नाही. आणि शेडमधे जनावरांची ढेप ठेवू नका. उंदीर तिच्या वासानं येतो, मग वायरीकडं वळतो.

साइटवरचा, अमरावती

वरचं बरोबर आहे. आधी एक चाचणीचा खड्डा खणा. सहा-सात फुटांतही काळी माती संपली नाही, तर घुमटीच्या पायल करतात, म्हणजे जमिनीत खोल ओतलेले, तळाशी फुगीर असे काँक्रीटचे खांब (अंडर-रीम्ड पाइल), साधारण साडेतीन मीटर खोल, तळाचा फुगवटा पायलच्या जाडीच्या अडीचपट. हलक्या टिनाच्या शेडला सहसा एवढी पाळी येत नाही.

फरशीला तुमच्या मापात सिमेंटच्या अठरा बॅगा लागतील. ठेकेदाराचा कागद जुना असेल तर नवा मागा, २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. बांधकामाआधी ग्रामपंचायतीत अर्ज द्या.

काळीभुई, दारव्हा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल भावाला घेऊन खड्डा खणला. सव्वाचार फुटांवर पिवळा मुरूम लागला. बाबा खुर्ची टाकून पाहत बसले होते, मुरूम दिसला तेव्हा स्वतः उठून हातात घेऊन पाहिला.

नवा हिशेब असा: जेसीबी ३ हजार, मुरूम १० हजार, खांबांचे पाये २० हजार, फरशी १८ हजार, लोखंड ५२ हजार, पत्रा १५ हजार. शटरऐवजी जाळीचा दोन पल्ल्यांचा गेट १२ हजार, त्यामुळं हवाही खेळेल. बेरीज १ लाख ३० हजार. उरलेल्या वीसात कडेची पट्टी आणि पन्हाळ. बाजूचे पत्रे पुढच्या कापसावर.

जेसीबी परवा सकाळी येणार आहे. हिंगणघाटवाले भाऊ, थर दाबताना पाणी किती मारायचं?

वावरातला माणूस, हिंगणघाट

मुरूम मुठीत आवळून पाहा. गोळा झाला पाह्यजे, पण तळव्याला चिखल लागला नाही पाह्यजे. चिखल लागला तर एक दिवस तसाच राहू द्या, मग रोलर फिरवा.