केळीवरचा करपा टक्क्यांत मोजायचा कसा? (मदत हवी आहे)

केळबाग:
बागेत करपा (सिगाटोका) आहे. दोघांनी मोजला. एकाचा आकडा २५ टक्के, दुसऱ्याचा १० टक्के. बाग तीच, झाडंही तीच. आज आकडा पुढे पाठवायचाय. कोणाचा धरू? रोगाची माहिती नको, फक्त मोजायची पद्धत सांगा.

सुरळी:
टक्के कशाचे? रोग लागलेल्या झाडांचे, की पानाच्या करपलेल्या भागाचे? पहिला झाला प्रसार, दुसरी तीव्रता. झाडं निसवली (केळफूल बाहेर पडलं) आहेत का?

मातीशी_नातं:
मोजत काय बसता! प्रोपिकोनॅझोल हे बुरशीनाशक मिनरल ऑइलसोबत फवारा. माझी बाग त्यावरच वाचली.

केळबाग:
फवारणी विचारलेलीच नाही. @सुरळी, पानांचे टक्के. ठिपके तर सगळ्याच झाडांवर आहेत.

आकडेमोड:
मग प्रसार १०० टक्के, त्यावरून काहीच कळणार नाही. तीव्रतेसाठी स्टोव्हर या संशोधकाची, गॉलने सुधारलेली ० ते ६ ची श्रेणी वापरा. पान स्वच्छ असेल तर ०. नुसत्या रेषा किंवा १० पर्यंत ठिपके असतील तर १. पुढे करपलेला भाग ५ टक्क्यांपर्यंत २, १५ पर्यंत ३, ३३ पर्यंत ४, ५० पर्यंत ५ आणि त्याहून जास्त ६. सगळ्या पानांच्या श्रेणींची बेरीज करा, तिला पानांची संख्या गुणिले ६ ने भागा, १०० ने गुणा. सुरळी (न उघडलेलं, गुंडाळलेलं पान) मोजायची नाही, पूर्ण उघडलेलं सगळ्यात वरचं पान १ नंबरचं.

आकाशातून:
एवढं कोण करतं आता? ड्रोन उडवा, अर्ध्या तासात सगळ्या बागेचा नकाशा हातात.

सुरळी:
ड्रोनला वरची पानं दिसतात, करपा वाढलेला असतो खालच्या पानांवर. शिवाय पालाश (पोटॅश) कमी पडल्यावर जुन्या पानांच्या कडा पिवळ्या होऊन वाळतात, तेही त्यात करपा म्हणून धरलं जाईल.

आकाशातून:
कुठल्या कोपऱ्यात जास्त आहे ते तर कळतं? मग तिथेच जाऊन पानं मोजा. चालत सगळी बाग कोणी पाहत नाही.

सुरळी:
तेवढ्यापुरतं मान्य. टक्के मात्र त्यातून काढू नका.

मातीशी_नातं:
पालाशचा विषय निघालाच आहे तर, ठिबकमधून कोणत्या महिन्यात किती सोडता सगळे?

आकडेमोड:
त्यासाठी वेगळा धागा काढा ना. @केळबाग, दोघांनी एकाच दिवशी मोजलं का? मधे पानं कापली का?

केळबाग:
हो, मधे खालची करपलेली पानं कापून बाहेर काढली. ते तर सगळेच करतात. त्याचा काय संबंध?

आकडेमोड:
सगळा संबंध तिथेच आहे! एक झाड धरा, १० पानं. वरची ५ स्वच्छ, नंतरची २ श्रेणी १ ची, आठवं ३, शेवटची २ श्रेणी ५ ची. बेरीज १५, भागिले ६०, म्हणजे २५ टक्के. शेवटची दोन कापा. बेरीज ५, भागिले ४८, म्हणजे साधारण १० टक्के. आठवं पान होतं तसंच आहे, आकडा मात्र निम्म्याहून खाली आला. दोघांचंही मोजमाप बरोबर असू शकतं. दोन्ही आकडे तारखेसह पाठवा आणि प्रत्येक झाडाची किती पानं कापली तेही लिहा.

सुरळी:
आणि सोबत ‘सगळ्यात कोवळं ठिपकेदार पान’ नोंदवा. वरून मोजत या. मधोमध वाळलेले १० किंवा जास्त ठिपके ज्या पानावर पहिल्यांदा दिसतील, त्याचा नंबर लिहा. वरच्या उदाहरणात तो ८ आहे, खालची पानं कापली तरी ८ च राहतो. नंबर जितका लहान तितका रोग वर चढलेला.

केळबाग:
हे जमेल. सगळी झाडं एकत्रच धरायची ना? काही निसवली आहेत, काही नाहीत.

सुरळी:
पहिल्याच उत्तरात तेच विचारलं होतं. एकत्र धरू नका. निसवल्यावर नवीन पान येत नाही, त्यामुळे रोगाचा वेग तोच असला तरी तो नंबर लहान होत जातो. निसवलेल्यांचा तक्ता वेगळा करा.