कम्युनिटी कॉलेजात ऑनर्स घ्यावं का? माझं मत : घ्यावं

मेधा_सनीव्हेल

लेक गेल्या ऑगस्टपासून इथल्या कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात) जाते. दोन वर्षं इथे काढायची, मग यूसीत (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात) ट्रान्सफर घ्यायची, असा सरळ हिशोब. कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांना युनिटला, म्हणजे एका क्रेडिटला, ४६ डॉलर पडतात. ६० युनिट्सचे २,७६० डॉलर झाले. यूसीत एका वर्षाची नुसती फीच १४ हजारांच्या वर जाते. त्यामुळे कॉलेजवरून घरात वाद झालाच नाही. वाद आता पेटलाय तो ऑनर्स प्रोग्रॅमवरून, म्हणजे त्याच विषयांचे काही वर्ग (सेक्शन) लहान आणि जास्त अभ्यासाचे घ्यायचे त्यावरून.

तिने पहिल्या सेमिस्टरला अमेरिकन इतिहासाचा एकच ऑनर्स सेक्शन घेऊन पाहिला. आता पूर्ण प्रोग्रॅमसाठी नाव नोंदवायचं का, हा प्रश्न आहे. नवरा म्हणतो, जीपीए (ग्रेडची सरासरी) सांभाळू दे, नसती उठाठेव कशाला. मी म्हणते, घ्यावंच. आणि ते सर्टिफिकेटसाठी म्हणत नाही.

त्या वर्गात १८ मुलं होती. नेहमीच्या सेक्शनला ४०-४५ असतात. टर्म पेपरसाठी तिने सॅन होजेच्या जपानटाउनचा विषय घेतला. १९४२ मध्ये सरकारी हुकुमाने जपानी वंशाच्या लोकांना घरंदारं सोडायला लावून छावण्यांत नेलं, त्यातली इथली माणसं कोण, एवढंच शोधायचं होतं. डाउनटाउनच्या किंग लायब्ररीत पाचव्या मजल्यावर कॅलिफोर्निया रूम आहे, तिथे ती चार शनिवार बसली. जुन्या सिटी डिरेक्टऱ्या (शहरातल्या नावा-पत्त्यांची पुस्तकं) काढून जॅक्सन स्ट्रीटवरची नावं एकेक करून वहीत उतरवली. युद्धाआधीच्या पुस्तकात दुकानापुढे मालकाचं नाव, युद्धातल्या पुस्तकात त्याच पत्त्यावर दुसरंच नाव. संध्याकाळी गाडीत बसली ती घर येईपर्यंत गप्प होती.

पेपरचा पहिला मसुदा परत आला तेव्हा समासात पेन्सिलीने सात ठिकाणी एकच प्रश्न लिहिलेला होता : "हे तुला कशावरून कळलं?" बारावीपर्यंत या पोरीला असं कुणी विचारलं नव्हतं. एवढ्यासाठी मी म्हणते, ऑनर्स घ्यावं. वेगळी मतं असतील तर जरूर सांगा, महिनाअखेर अर्ज द्यायचाय.

मिलपिटसकर

मेधाताई, लेकीचं कौतुक आहेच. पण स्पष्ट लिहितो, कारण आमचे हात पोळलेत. मुलाला इंजिनिअरिंगला जायचं होतं. कॉलेजातल्या एका काउन्सेलरने सांगितलं, ऑनर्स केलंस की यूसीएलएला (यूसीच्या लॉस एंजेलिस कॅम्पसला) प्राधान्य मिळतं. आम्ही मान डोलावली. कॅल्क्युलस, फिजिक्स आणि वर इंग्लिश व फिलॉसॉफीचे दोन ऑनर्स सेक्शन, सगळं एका सेमिस्टरला. फिजिक्सला सी ग्रेड आली. पुढे कळलं की ते प्राधान्य यूसीएलएच्या कॉलेज ऑफ लेटर्स अँड सायन्सपुरतं (कला-विज्ञान शाखेपुरतं) असतं, इंजिनिअरिंगच्या स्कूलला ते लागूच नाही. कॉम्प्युटर सायन्सही तिकडेच इंजिनिअरिंगमध्ये मोडतं. ज्यासाठी अट्टहास केला ते मुळात आमच्यासाठी नव्हतंच, आणि ती सी ग्रेड मात्र कायमची ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रिकेवर) बसली.

दुसरं म्हणजे टॅग. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ, यूसीच्या या सहा कॅम्पसपैकी एकाशी प्रवेशाच्या हमीचा करार करता येतो. ठरलेले विषय आणि ठरलेला जीपीए, एवढ्यावर. (काही मेजर्स, म्हणजे पदवीचे मुख्य विषय, त्यात नसतात, ते आधी बघून घ्या.) त्यात ऑनर्स कुठेही मागत नाहीत. मग सरळ रस्ता असताना घाट का चढायचा?

ओंकार_कोथरूड

एक शंका. आमच्याकडे नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांनी पदवी आणि चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. हे तेच का?

मेधा_सनीव्हेल

नाही, ओंकार. तुमच्याकडे ते वाढीव वर्ष आहे आणि पदवीच्या नावातच येतं. इथे त्याच दोन वर्षांत, त्याच विषयांचे काही सेक्शन ऑनर्सचे घ्यायचे. मुलं कमी, वाचन आणि लेखन जास्त, परीक्षेपेक्षा चर्चेवर भर. ठरलेले इतके सेक्शन केले आणि जीपीए राखला की कॉलेज तसं प्रमाणित करतं. किती सेक्शन आणि किती जीपीए, हे प्रत्येक कॉलेजचं वेगळं.

मिलपिटसकर, तुमच्या मुलाबद्दल वाचून वाईट वाटलं. पण त्यात दोष चुकीच्या सल्ल्याचा आहे. आणि कॅल्क्युलस-फिजिक्सच्या जोडीला दोन-दोन ऑनर्स एकदम घेतले याचा. त्यावरून ऑनर्सच नको हे मला पटत नाही.

स्नेहल_शिकवते

मी गेली नऊ वर्षं दोन कम्युनिटी कॉलेजांत समाजशास्त्र शिकवते, अर्धवेळ. ऑनर्सचे सेक्शनही शिकवलेत. तरी माझा विरोध आहे, आणि त्याचा जीपीएशी संबंध नाही.

१९६० च्या मास्टर प्लॅनमध्ये कॅलिफोर्नियाने ठरवलं की वरची साडेबारा टक्के मुलं यूसीत, वरची एक तृतीयांश स्टेट युनिव्हर्सिटीत, आणि कम्युनिटी कॉलेजचं दार सगळ्यांना उघडं. सगळ्यांना म्हणजे खरंच सगळ्यांना. माझ्या सकाळच्या वर्गात १८ वर्षांचा पोरगा आणि रात्रपाळी करून थेट आलेली ५२ वर्षांची नर्सिंग असिस्टंट शेजारी बसतात. कुटुंबाचा धडा शिकवताना ती बाई बोलायला लागली की माझी स्लाइड बाजूला राहते. आता त्या वर्गातली पुढे होऊन प्रश्न विचारणारी आठ-दहा मुलं काढून वेगळ्या खोलीत नेली, की मागे काय उरतं? मी ते दोन्ही बाजूंनी पाहिलंय. ऑनर्सच्या खोलीत ती नर्सिंग असिस्टंट नसते, आणि नेहमीच्या खोलीत प्रश्न विचारणारं कुणी नसतं. दोन्हीकडे वर्ग अर्धाच.

मेधाताई, तुमच्या लेकीला समासात जो प्रश्न मिळाला तो ४५ जणांना मिळायला हवा. तो मला विचारायचा असतो. ४५ पेपर, असे चार सेक्शन, दोन कॉलेजं आणि मध्ये ८८० हायवे. वेळ मिळत नाही. १८ जणांचा वर्ग सगळ्यांना द्या, मग ऑनर्स नावाची वेगळी खोली लागणारच नाही.

मिलपिटसकर

स्नेहलताई, हे मी कधी या बाजूने पाहिलंच नव्हतं.

अनिकेत_लाँगबीच

दक्षिणेकडच्या एका कम्युनिटी कॉलेजातून ऑनर्स करून यूसीएलएला गेलो, इतिहास मेजर. आता नोकरी करतो. दोन्ही वर्षं किराणा दुकानात आठवड्याला २२ तास काम करत होतो, म्हणून 'हे फुरसत असलेल्या मुलांचं आहे' असं कुणी म्हणण्याआधीच लिहितो.

यूसीएलएच्या त्या प्राधान्याचं, म्हणजे टॅपचं (ट्रान्सफर अलायन्स प्रोग्रॅम), मिलपिटसकरकाकांनी सांगितलं ते बरोबर आहे, ते लेटर्स अँड सायन्ससाठीच. पण तिकडे जाणाऱ्याला त्याचा खरा उपयोग होतो. अर्जाचा प्राधान्याने विचार होतो, शिवाय पर्यायी मेजरही देता येतो. मला पहिलंच मेजर मिळालं, पण दुसरं मागे उभं आहे या धीराने एप्रिलपर्यंत झोप लागत होती. यूसीच्या बर्कली कॅम्पसला यातलं काही चालत नाही, हेही खरं.

माझ्यासाठी मोठी गोष्ट मात्र अर्जाचे निबंध. ट्रान्सफरवाल्यांना चार लिहायचे असतात, प्रत्येकी ३५० शब्दांत. एक सगळ्यांना सक्तीचा : या मेजरसाठी तुम्ही काय तयारी केलीत? सहा महिने आधी मला कुणी हे विचारलं असतं तर 'मला इतिहास आवडतो' यापलीकडे लिहायला काही नव्हतं. ऑनर्समधल्या पेपरवर मी यूसी अर्व्हाइनला विद्यार्थ्यांच्या संशोधन परिषदेत बोललो. इथल्या कम्युनिटी कॉलेजांच्या ऑनर्स प्रोग्रॅम्सची परिषद असते ती. समोर २० माणसं, हातातला कागद थरथरत होता. निबंधात तेच लिहिलं.

यूसी शिफारसपत्र मागत नाही म्हणून प्रोफेसरची ओळख असून काय उपयोग, असं बरेच जण म्हणतात. खासगी युनिव्हर्सिट्या मागतात. जॅक केंट कुक फाउंडेशनची ट्रान्सफर स्कॉलरशिप आहे, वर्षाला ५५ हजार डॉलरपर्यंत, तिथेही पत्र लागतं. ४५ च्या वर्गात तिसऱ्या रांगेत बसलेल्या मुलाबद्दल प्रोफेसर लिहिणार तरी काय?

स्नेहल_शिकवते

अनिकेत, तू हेच सिद्ध करतोयस की ज्याला लहान वर्ग मिळाला त्याला पत्र मिळालं. तिसऱ्या रांगेतलं पोर कमी हुशार होतं म्हणून मागे राहिलं का?

अनिकेत_लाँगबीच

नाही. पण त्याच्यासाठी वर्ग लहान होईपर्यंत मी थांबलो असतो तर मीही तिसऱ्या रांगेतच राहिलो असतो. माझ्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिला. ताई, मला ती खोली हवी होती.

स्नेहल_शिकवते

हे मला मान्य करावंच लागेल. तुझ्यासारख्याला मी कधीही जाऊ नकोस म्हणणार नाही, सहीसुद्धा करेन. भांडण तुझ्याशी नाहीच, खोल्या वेगळ्या करणाऱ्या व्यवस्थेशी आहे.

एक मधला रस्ता सांगते, फार जणांना ठाऊक नसतो. बऱ्याच कॉलेजांत ऑनर्स कॉन्ट्रॅक्ट असतं. मुलाने नेहमीच्याच सेक्शनला बसायचं आणि प्रोफेसरशी ठरवून एक जादा संशोधनाचं काम करायचं, त्याला ऑनर्सचं क्रेडिट मिळतं. मी अशा मुलांना एक अट घालते. काम झालं की ते सगळ्या वर्गापुढे मांडायचं आणि प्रश्न घ्यायचे. गेल्या वर्षी एका मुलीने घरभाड्यांवर काम केलं. मांडून झाल्यावर सर्वांत मागे बसणाऱ्या एका माणसाने उठून नोटीस आल्यापासून घर रिकामं करेपर्यंतचे स्वतःचे २६ दिवस सांगितले. त्या मुलीने रात्री पेपरचा शेवट बदलून पाठवला.

मिलपिटसकर

हे आमच्या वेळी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. माझा विरोध आता एवढाच उरलाय की मेजरच्या अवघड विषयांच्या सेमिस्टरला ऑनर्स नको. आणि यूसीएलए मनात असेल तर आपल्याला हवं ते मेजर नेमकं कुठल्या स्कूलमध्ये येतं, हे काउन्सेलरच्या तोंडून ऐकू नका. स्वतः यूसीएलएच्या पानावर जाऊन वाचा, मुलालाही वाचायला लावा.

मेधा_सनीव्हेल

सगळ्यांचे आभार. माझं मत बदललेलं नाही, घ्यावंच. पण स्नेहलताईंचं लिहिणं मी काल रात्री लेकीला वाचून दाखवलं, तेव्हा ती पटकन म्हणाली, आई, आमच्या त्या वर्गात सगळे साधारण माझ्याच वयाचे होते. मला ते जाणवलंच नव्हतं.

प्रोग्रॅमचा अर्ज ती देणार आहे. इतिहासाचा पुढचा कोर्स ऑनर्स सेक्शनलाच. समाजशास्त्र मात्र संध्याकाळच्या नेहमीच्या वर्गात घेतेय, कॉन्ट्रॅक्टवर. तिथे नोकरी करून येणारी माणसं जास्त असतात म्हणे. शुक्रवारच्या आत प्रोफेसरांची सही हवी, आज ती ऑफिस अवर्सना (त्यांच्या भेटीच्या वेळेत) फॉर्म घेऊन गेलीय. स्नेहलताई, वर्गापुढे मांडायची अट तिने स्वतःहूनच त्यात लिहिलीय.