मदत हवी आहे : एकाच टीव्हीवर दोघांनी मिळून खेळायचंय. हेलोसाठी थांबू की आत्ताच काही घेऊ?

नमस्कार मंडळी,

मी आणि माझा धाकटा भाऊ पुण्यात एकत्र राहतो. दोघांनाही सैनिकी आणि विज्ञानकथेच्या वळणाच्या मारधाडीच्या गेम्सचं भारी वेड आहे. घरात एक जुना डेस्कटॉप आहे, जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड आणि १६ जीबी रॅमचा. कन्सोल नाही. दोघांनी मिळून साधारण पन्नास हजार बाजूला काढलेत. यंदा, २०२६मध्ये, येणारे गेम बघून जीव नुसता खालीवर होतोय, पण आम्हाला हवा असलेला प्रकार फार थोड्या ठिकाणी मिळतो : एक टीव्ही, दोन कंट्रोलर, मधून दुभागलेला पडदा आणि दोघांनी खांद्याला खांदा लावून पार करायची गोष्ट. ऑनलाइन जाऊन अनोळखी लोकांशी लढायची हौस आम्हा दोघांनाही नाही.

दुसरी अडचण भावाची. फर्स्ट पर्सन गेममध्ये, म्हणजे जिथे आपण पात्राच्याच डोळ्यांनी बघतो तिथे, त्याला मळमळायला लागतं. आधी तो गप्प होतो, मग कपाळावर घाम दिसतो, आणि शेवटी कंट्रोलर मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत बसतो. खेळायची इच्छा मात्र माझ्यापेक्षा त्याचीच जास्त, म्हणून फार वाईट वाटतं.

आता यंदाच्या गेम्सबद्दल. मला काय वाटलं ते मोकळेपणाने लिहिते, म्हणजे आमची आवड तुमच्या लक्षात येईल.

सगळ्यात जास्त डोळे लागलेत ते हेलो : कॅम्पेन इव्हॉल्व्हडकडे. २००१च्या पहिल्या हेलोचा हा नवा अवतार २०२६मध्ये येतोय, तोही अनरिअल इंजिन ५ या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर. आणि हेलो पहिल्यांदाच प्लेस्टेशनवर येणार! ऑक्टोबर २०२५मध्ये घोषणा झाली तेव्हा त्यांनी 'सायलेंट कार्टोग्राफर' हा टप्पा खेळून दाखवला. ज्यांनी जुन्या पीसीवर हेलोची ट्रायल खेळली असेल त्यांना आठवेल, त्यात कथेचा हाच एक टप्पा होता. पेलिकन यान समुद्रावरून खाली येतं, किनाऱ्यावर गोळ्या सुटायला लागतात आणि आपण वाळूत उडी मारतो. आमच्या मामेभावाकडे ती ट्रायल होती. पूर्ण गेम कुणाकडेच नव्हता, त्यामुळे आम्ही भावंडं तोच किनारा पुन्हापुन्हा जिंकायचो. नव्या इंजिनात ते पाणी, त्या ओल्या कातळावरची चमक बघून अंगावर काटा आला.

तरी दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे जुन्या हेलोत एक रितेपण होतं. राखाडी धातूच्या लांबच लांब भिंती, कुणीच नाही, आणि आपल्या पावलांचा आवाज. ती जागा परक्यांनी बांधलेली आहे हे त्या रितेपणातूनच कळायचं. नव्या दृश्यांत झाडंझुडपं आणि बारकावे इतके भरलेत की परकेपणा थोडा हरवतो, असं मला वाटतं. दुसरं, आता धावता येणार. जुन्या टप्प्यांमधली अंतरं चालण्याच्या वेगाने आखली होती. शत्रू कुठे दिसावा, आडोसा किती पावलांवर असावा, हे सगळं त्या वेगावर ठरलं होतं. धावणं बंद ठेवायची सोय दिली आहे, हे त्यांनी फार चांगलं केलं. मी ते बंदच ठेवणार. सार्जंट जॉन्सनसोबतच्या तीन नव्या मोहिमा आहेत, त्यांची मात्र खूप उत्सुकता आहे. त्या पहिल्या गेमच्या आधी घडतात.

आणि मुख्य म्हणजे स्प्लिट स्क्रीन, म्हणजे तो दुभागलेला पडदा, आहे, दोघांसाठी. पण इथेच धाकधूक वाटते. २०१५च्या हेलो ५मध्ये ती नव्हती. हेलो इन्फिनिटमध्ये कथेसाठी देऊ असं सांगितलं होतं आणि सप्टेंबर २०२२मध्ये रद्द केली. यावेळी शब्द पाळतील का?

दुसरा गेम गिअर्स ऑफ वॉर : ई-डे. जून २०२४मध्ये ट्रेलर आला, २०२६चा वायदा आहे. पहिल्या गिअर्सच्या चौदा वर्षं आधीचा, लोकस्ट नावाचे राक्षसी शत्रू जमिनीतून पहिल्यांदा वर आले तो दिवस. ट्रेलरमध्ये मालिकेचा नायक, तरुण मार्कस, एका लोकस्टशी एकटा झुंजताना दिसतो. जुन्या भागांमध्ये तो असे डझनावारी लोळवतो, आणि इथे एकच त्याला जवळजवळ संपवतो. माणसांना शत्रू कोण हेच अजून माहीत नाही, ही भीती त्या झटापटीत जशी उतरली आहे तशी मी क्वचितच कुठल्या गेमच्या जाहिरातीत पाहिली आहे. यात कॅमेरा पात्राच्या खांद्यामागे असतो, म्हणजे भावालाही झेपावं. आमच्यासाठी हाच खरा गेम असं मन सांगतंय.

मॅरेथॉन ५ मार्चला येतोय. रंगसंगती बघून वेड लागेल इतका देखणा आहे, आणि बनवणारी बंजी म्हणजे मूळ हेलो घडवणारी मंडळी. पण तो एक्स्ट्रॅक्शन शूटर आहे : तिघांची टोळी, सामान गोळा करा, जिवंत बाहेर पडा, मेलात तर जवळचं सगळं गेलं. आम्हाला हवी तशी सलग कथा नाही. प्रॅग्माटा एप्रिलमध्ये आहे. गोळ्या झाडता झाडता यंत्रमानवाच्या बचावातलं चौकटींचं कोडं सोडवायचं, ही कल्पना फार आवडली, डेमोही छान आहे, पण तो एकट्याने खेळायचा.

गेल्या वर्षीच्या दोन मोठ्या गेम्सबद्दलही सांगते, कारण कुणीतरी नक्की सुचवेल. बॅटलफील्ड ६ मैत्रिणीकडे खेळले. जखमी साथीदाराला फरफटत आडोशाला नेऊन तिथे उठवता येतं, ही एकच गोष्ट मला संपूर्ण लढाईपेक्षा जास्त भिडली. पण त्याची कथा एकट्याची. ब्लॅक ऑप्स ७ची कथा चौघांना मिळून खेळता येते, पण प्रत्येकाला वेगळं मशीन लागतं, इंटरनेट सतत चालू हवं, आणि एकटे खेळत असाल तरी पॉज करता येत नाही. आमच्या भागात दुरुस्तीसाठी गुरुवारी हमखास वीज जाते आणि राउटर बंद पडतो. एकट्याच्या कथेसाठीही इंटरनेटचा धागा तुटू द्यायचा नाही, हे मला अजिबात पटत नाही.

तर जाणकारांनी सांगावं : डेस्कटॉप सुधारू की कन्सोल घेऊ? कन्सोल घ्यायचा तर कोणता? आणि भावाच्या मळमळीवर कुणाला काही उपाय सापडलाय का? हे शेवटचं माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं आहे.

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद : डेस्कटॉपवर पैसे घालू नका

हेलोची स्प्लिट स्क्रीन फक्त कन्सोलवर असणार आहे. पीसीवर चौघांना मिळून ऑनलाइन खेळता येईल, पण एका टीव्हीवर दोघं नाही. तुमच्या प्रश्नाचा निम्मा निकाल इथेच लागला.

शिवाय ही वेळ पीसीसाठी वाईट आहे. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा बाजार उचलून नेलाय. २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव दुपटीच्याही वर गेले, आणि मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने डिसेंबर २०२५मध्ये घरगुती ग्राहकांसाठीचा क्रुशियल ब्रँड गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. लॅमिंग्टन रोडला चौकशी केली तर दुकानदार सकाळचा भाव संध्याकाळी द्यायला तयार नाहीत. तुमच्या १०६०ला नव्या गेम्ससाठीचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) ही ऑक्टोबर २०२५पासून मिळत नाहीत, फक्त सुरक्षेचे अपडेट येत राहतील.

आता कन्सोल. गिअर्सवर जीव असेल तर एक्सबॉक्स सिरीज एस. जुने सगळे गिअर्स त्यावर चालतात, गिअर्स ५मध्ये तर तिघांची स्प्लिट स्क्रीन आहे. हेलोचं मास्टर चीफ कलेक्शन, म्हणजे जुन्या हेलो गेम्सचा संच, हाही दोघांना एका टीव्हीवर खेळता येतं. म्हणजे २०२६चे गेम येईपर्यंत तुम्हाला भरपूर खुराक आहे. उणी बाजू : डिस्क घालायची सोय नाही, आणि ५१२ जीबीतली वापरायला ३६४च्या आसपास मिळते. तीन-चार मोठे गेम टाकले की जागा संपली. प्लेस्टेशन ५ डिस्कवाला घेतलात तर जुन्या डिस्क घेता-विकता येतील, पण तो पन्नासच्या वर जातो. त्यावर गिअर्समधला फक्त पहिला भाग, रीलोडेड, ऑगस्ट २०२५मध्ये आलाय. तोही स्प्लिट स्क्रीनवर खेळता येतो.

काहीही घेतलंत तरी दुसऱ्या कंट्रोलरचे पाच-सहा हजार वेगळे धरा. एकाच टीव्हीवर खेळायला कुठलीही मासिक वर्गणी लागत नाही. ऑक्टोबर २०२५मध्ये गेम पास अल्टिमेट (एक्सबॉक्सची वर्गणी योजना) अमेरिकेत महिना २० डॉलरवरून ३० झाला, आपल्याकडेही चढलाच. त्यापेक्षा जुने गेम सेलमध्ये विकत घ्या. ई-डेचे पैसे मात्र आधी भरू नका. क्रमांकाच्या सगळ्या गिअर्समध्ये स्प्लिट स्क्रीन होती, तरी यात ती आहे असं ऑनलाइन स्टोअरमधल्या त्याच्या पानावर लिहिलेलं दिसल्यावरच घ्या.

प्रतिसाद : मळमळीबद्दल

मला स्वतःला हा त्रास आहे, म्हणून सविस्तर लिहितो. डोळ्यांना हालचाल दिसते, पण कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग म्हणतो आपण स्थिर बसलोय. मेंदूला हा विरोध झेपत नाही. घाटात गाडी लागते त्याच्याच उलटा प्रकार.

सेटिंगमध्ये आधी मोशन ब्लर (हालचालीत चित्र धूसर होणं), कॅमेरा शेक आणि चालतानाचं डोकं हलणं बंद करा. फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे दिसणाऱ्या दृश्याची रुंदी, वाढवा. अरुंद दृश्यानेच बहुतेकांना त्रास होतो. पडद्याच्या मध्यावरचा ठिपका कायम दिसता ठेवा, नजरेला टेकायला जागा मिळते. कॅमेरा फिरण्याचा वेग कमी करा. दर्जा की वेग असा पर्याय असेल तर वेग निवडा, कारण अडखळणारं चित्र सगळ्यात वाईट. खोलीत दिवा लावा, टीव्हीपासून लांब बसा.

आणि हे भावाला नक्की सांगा : पहिली जांभई किंवा तोंडाला पाणी सुटलं की थांबायचं. 'एवढा टप्पा संपवतो' म्हणून रेटलं तर दुसऱ्या दिवशी त्रास लवकर सुरू होतो. थोडं थोडं खेळून माझी सहनशक्ती वाढली, रेटून कधीच वाढली नाही.

हेलोत एक सोय आहे. वॉर्टहॉग ही लष्करी गाडी चालवताना कॅमेरा गाडीच्या मागे जातो. गाडीचे टप्पे भावाकडे द्या, तुम्ही मागे तोफेवर बसा. उलट गिअर्स थर्ड पर्सन (कॅमेरा पात्राच्या मागे) असूनही वाकून पळताना कॅमेरा मुद्दाम हादरवतात. विकत घेण्याआधी त्याला यूट्यूबवर तेवढा भाग मोठ्या पडद्यावर दाखवा.

प्रतिसाद : थांबता कशाला?

स्प्लिट फिक्शन घ्या. मार्च २०२५चा गेम, दोघांशिवाय खेळताच येत नाही, पडदा दुभागलेलाच असतो, आणि पीसीवरही एका टीव्हीवर चालतो. दोन लेखिका एकमेकींच्या गोष्टींत अडकतात, एकीच्या विज्ञानकथा, दुसरीच्या अद्भुतकथा. युद्धाचा गेम नाही, पण विज्ञानकथेचे टप्पे तुम्हाला नक्की आवडतील. माझ्या १०६०वर सेटिंग खाली आणून व्यवस्थित चालला. कॅमेराही बहुतेक वेळ पात्राच्या मागे असतो. दोन कंट्रोलर असले तर बरं, ते तुम्ही नाहीतरी घेणारच आहात.

धागाकर्ती :

सगळ्यांचे मनापासून आभार! भावाला वाकून पळण्याचा भाग टीव्हीवर दाखवला. थोडं गरगरलं म्हणाला, पण कपाळाला घाम आला नाही. वॉर्टहॉगची कल्पना ऐकून तर त्याने आत्ताच चालकाची जागा स्वतःकडे घेतली आहे.

ठरलं ते असं : आधी दोन एक्सबॉक्स कंट्रोलर घेतो, ते पीसीलाही चालतात, आणि स्प्लिट फिक्शन सुरू करतो. त्यात भावाला किती झेपतं ते कळेल. मग सिरीज एस. एका ओळखीच्यांकडे वापरलेला मिळतोय. घेताना काय बघावं?

प्रतिसाद : वापरलेला सिरीज एस

कंट्रोलर तुमचे नवे असणार, म्हणजे कंट्रोलरची स्टिक आपोआप सरकते का हे बघायची कटकट वाचली. कन्सोल त्यांच्या घरी जाऊनच चालू करून बघा. तुमच्या स्वतःच्या खात्याने लॉगिन करा आणि स्टोअरमधून एखादा फुकटचा गेम उतरवून चालवा. मशीनवर मायक्रोसॉफ्टची बंदी असेल तर इथेच कळतं. एचडीएमआयची वायर हलकेच हलवून चित्र जातं का बघा, तो पोर्ट दुरुस्त करायला महाग पडतो. अर्धा तास मोठा गेम चालू ठेवा, पंख्याचा आवाज वाढतो का, मशीन आपोआप बंद पडतं का ते कळेल. मूळ बिल मागा. आणि निघण्याआधी त्यांचं खातं काढून फॅक्टरी रीसेट त्यांच्याच हातून करून घ्या.